स्वस्त गाव, महाग गाव

वऱ्हाडातल्या घराघरांतून एक चर्चा वर्षानुवर्षे चालत आली आहे. मुलास मुंबईस नोकरी लागते, पगार गावच्या पगाराच्या दीडपट-दुपटीने असतो, आणि घरची वडीलधारी मंडळी हिशेब मांडावयास बसतात. तिकडे खोलीचे भाडे, खानावळ, लोकलचा पास. इकडे घर आपले, भाजी आठवडी बाजारातली, ज्वारी शेतातली. कोणी म्हणतो, मुंबईचे चाळीस म्हणजे आपल्याकडचे वीसच. दुसरा म्हणतो, वीस कसले, पंचवीस तरी धरा. हा वीस किंवा पंचवीसचा आकडा कोणी, कोठून आणि कसा काढला हे मात्र कोणी विचारीत नाही. त्याच्यावर भरवसा ठेवून माणसे गाव सोडतात, तर कित्येक हातची नोकरीही सोडतात.

दोन गावांच्या राहणीखर्चाची तुलना हा अर्थशास्त्र्यांनी परवा शोधून काढलेला खेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तो फार जुना व्यवहार आहे, आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यास तर तो अगदी जवळचा आहे. खामगाव आणि मुंबई ही दोन गावे कापसाच्या धाग्याने दीडशेहून अधिक वर्षे एकमेकांस बांधलेली आहेत. मुंबईचा भाव खामगावच्या बाजारात बोलला जातो, आणि खामगावची गठाण मुंबईच्या गोदीवर उतरते. तेव्हा ह्या दोन गावांचा जोड हाताशी धरून प्रश्नाचा इतिहास पाहावा असे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. एखादे गाव स्वस्त आहे की महाग, एवढेच विचारणे अपुरे आहे. कोणत्या मापाने आणि कोणासाठी, हे दोन प्रश्न त्याबरोबर विचारले नाहीत तर येणारे उत्तर बहुधा चुकीचे असते, आणि त्या चुकीची किंमत गरिबास मोजावी लागते.

प्रथम मापाचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा माल बैलांच्या पाठीवरून देशोदेशी जात असे. पुष्कळसा कापूस तर पार गंगेकाठी मिर्झापूरच्या बाजारात जाई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी ह्या पारशी बंधूंच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस परदेशी पाठविण्यासाठी मुंबईकडे रवाना केला, आणि व्यापाराचे तोंड पश्चिमेकडे वळू लागले. खामगावचा बाजारही ह्याच सुमारास, म्हणजे १८२० च्या आगेमागे, काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटल्यामुळे उभा राहिला असे जुन्या सरकारी गॅझेटियरांत नमूद आहे. तूप, सूत आणि थोडा कापूस असा तेथला आरंभीचा माल होता.

कापूस लांब जाऊ लागला तसे त्याचे माप एक होणे भाग पडले. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची. वऱ्हाडात रुईचा बोजा धरीत तो ३९२ पौंडांचा, म्हणजे बरोबर अर्ध्या खंडीचा. दोन्हीकडला मण २८ पौंडांचा. त्यामुळे खामगावचा अडत्या आणि मुंबईचा दलाल एकमेकांची भाषा समजू शकत. धान्याची गोष्ट निराळी. ज्वारी वजनाने नव्हे तर पायली-अधोलीने मोजली जाई, आणि एका गावची पायली शेजारच्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. शीग लावून मोजायचे की काठ घासून, यावरही मूठभर दाण्यांचा फरक पडे. तेव्हा ज्या वस्तूवर सावकाराचा आणि निर्यातदाराचा नफा अवलंबून होता तिचे माप आधी सुधारले, आणि ज्या वस्तूवर मजुराचे पोट अवलंबून होते तिचे माप मागे राहिले. १८९७ चा वऱ्हाडचा कायदा नावाने कापूस व धान्य अशा दोन्ही बाजारांचा होता, हिंदुस्थानातील बाजार-नियमनाच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. पण घरोघरच्या पायलीपर्यंत कायदा पोहोचण्यास मेट्रिक मापे यावी लागली, आणि तो कायदा १९५६ चा.

सरकारी दप्तरांत धान्याचे भाव लिहिण्याची रीतही आजच्या वाचकास चकविणारी आहे. आपण किलोला रुपये किती असे विचारतो. त्या काळी रुपयाला शेर किती असे लिहीत. तेथे आकडा उतरला म्हणजे महागाई वाढली असे समजावयाचे. १५ शेरांची ज्वारी १० शेरांवर आली म्हणजे ती दीडपट महाग झाली. दोन गावांचे भाव ह्या रीतीने शेजारी शेजारी मांडलेले असले तरी सरकारी शेर ८० तोळ्यांचा आणि बाजारातला शेर त्याहून वेगळा असू शके, हे ध्यानी न धरता कोणी बेरजा-वजाबाक्या केल्या तर त्यातून निघणारे शहाणपण बेताचेच असणार.

मापानंतर नाणे. ह्या बाबतीत आपल्या जिल्ह्याची दक्षिण सीमा मोठी बोधप्रद आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि जालना निजामाच्या राज्यात राहिले. देऊळगाव राजा आणि जालना यांच्यात अंतर ते केवढे? तीस-पस्तीस किलोमीटर. परंतु इकडे कलदार रुपया आणि तिकडे हाली शिक्का. विसाव्या शतकात हा दर स्थिरावला तेव्हा तो ६ कलदारांस ७ हाली असा होता. म्हणजे जालन्यात एखादी घोंगडी ७ रुपयांस आणि देऊळगाव राजाच्या बाजारात ६ रुपयांस मिळत असेल तर कोणी हसून सांगे की इकडे स्वस्ताई आहे. वास्तविक किंमत एकच. जालन्याच्या पेढीवर १४ रुपये हाली मिळविणारा गुमास्ता आणि इकडे १२ रुपये कलदार मिळविणारा गुमास्ता हे एकाच पायरीवर उभे होते. त्यातच संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात, सामान्यतः शेकडा ५ असे. ती ज्या मालावर बसे त्याच्या भावात हद्दीच्या दोन बाजूंस खराखुरा फरक पडे. नाण्याचा फरक दिसण्यापुरता आणि जकातीचा फरक खरा. हे दोन फरक वेगळे काढणे सीमेवरच्या वाण्यास शिकवावे लागत नसे. आज अमेरिकेतला मुलगा डॉलरमधला पगार रुपयांत सांगतो आणि ऐकणारे डोळे विस्फारतात, त्यांच्याहून तो वाणी अधिक सावध होता असे म्हणावे लागते.

जालन्यास १९०० साली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. आपल्याकडे ती आधीच आलेली होती, पण सगळीकडे नाही. येथे जिल्ह्याच्या दोन भागांचा भेद लक्षात घेतला पाहिजे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही गावे भुसावळ-नागपूर मार्गावर आहेत, आणि तो मार्ग १८६७ पर्यंत नागपुरास पोहोचला. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा येथे आगगाडी चढली नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी शतकाहून जुनी आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. राजूरच्या घाटातून बैलगाडीने वर चढलेले मीठ आणि रॉकेल, आणि त्याच घाटातून खाली उतरलेले घाटावरचे धान्य, ह्यांच्या भावात घाटाची चढण मिसळलेली असे. एकाच जिल्ह्यात, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अमलाखाली, बाहेरून येणारी वस्तू वर महाग आणि खाली स्वस्त, तर गावात पिकणारी वस्तू वर स्वस्त आणि खाली महाग. मग मलकापूर स्वस्त की बुलढाणा? ज्वारी-दुधावर भागविणाऱ्यास बुलढाणा, चहा-साखर-कापड घेणाऱ्यास मलकापूर. हे उत्तर कोड्यात टाकणारे वाटेल, पण पुढे आम्ही जे सांगणार आहोत त्याचा सारा गाभा ह्यात आहे.

रेल्वे येत होती त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलचे व्यापारी मुंबईकडे धावले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांची धुमाळी माजली आणि १८६५ च्या जुलैमध्ये ती फुटली. ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिची आपल्याकडची बाजू कमी सांगितली जाते. कापसास भाव आला म्हणून ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. ज्याच्याजवळ शेत होते त्याच्या घरी चांदी आली. ज्याच्याजवळ शेत नव्हते त्याला ज्वारी महाग मिळू लागली. दोघे एकाच गावचे, एकाच आळीत राहणारे. एकाच्या दृष्टीने ते सुकाळाचे वर्ष आणि दुसऱ्याच्या दृष्टीने महागाईचे.

१८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो जातीने आले होते. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने वऱ्हाडात यावे, यावरून मँचेस्टरला खामगावची आठवण किती होती ते कळते. तारायंत्र आणि रेल्वे ह्या दोहोंमुळे खामगावचा कापसाचा भाव मुंबईच्या भावास चिकटून राहू लागला. भाडे, दलाली आणि घट वजा केली की दोहोंत अंतर उरेना.

सर्व वस्तूंचे असे झाले का? नाही. जी वस्तू वाघिणीत बसते तिचा भाव दोन्हीकडे जवळ येतो. कापूस, कापड, साखर, मीठ, लोखंडी सामान आणि काही अंशी धान्य ही त्यातली. जी वस्तू वाघिणीत बसत नाही तिचा भाव आपापल्या गावी राहतो. घर हलत नाही, विहीर हलत नाही; दूध त्या काळी फार दूर जात नसे; हिरवा चारा, जळण, मोलकरणीची आणि न्हाव्याची चाकरी हीही गावचीच. मुंबईचा महागपणा आणि खामगावचा स्वस्तपणा मुख्यतः ह्या न हलणाऱ्या वस्तूंत साठलेला आहे. रेल्वेने तो नाहीसा केला नाही, उलट उघडा पाडला.

आणि एक वस्तू अर्धवट हलते, ती म्हणजे माणसाची मजुरी. १८९९-१९०० च्या, म्हणजे छपन्नच्या, दुष्काळात ही गोष्ट फार क्रूरपणे दिसून आली. त्या वेळेपर्यंत वऱ्हाडात रेल्वे चांगली रुळली होती. बाहेरचे धान्य स्टेशनावर उतरू शकत होते, आणि पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे एका गावी धान्याचा कणही नाही आणि दुसऱ्या गावी कोठारे भरलेली, असा प्रकार उरला नव्हता. पण शेतीची कामे बुडाली होती आणि मजुराच्या हातात दाम नव्हता. भाव परवडतो की नाही हे भावाकडे पाहून कळत नाही, मजुरीकडे पाहून कळते. सरकारी नोकरांच्या बाबतीत हे तत्त्व राज्यकर्त्यांनी मर्यादित प्रमाणात का होईना मान्य केले होते. मुख्य धान्याचा भाव ठराविक मर्यादेपलीकडे चढला, म्हणजे रुपयाला मिळणारे शेर ठराविक आकड्याखाली गेले, की कमी पगाराच्या चपराशी-शिपायांस धान्यभत्ता मिळे. आजच्या महागाई भत्त्याचा हा पणजोबा. तो त्या त्या ठिकाणच्या धान्याच्या भावावर बेतलेला असे, हा त्याचा गुण. फक्त धान्यावर बेतलेला असे, हा त्याचा दोष. शिपायाच्या पोराला शाळेची पाटी लागते आणि बायकोस लुगडे लागते हे त्यात धरलेले नव्हते.

हा दोष भरून काढण्याचा पद्धतशीर प्रयत्न मुंबईस झाला. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांत संपांमागून संप होऊ लागले आणि १९२१ साली मुंबई सरकारने मजूर कार्यालय काढले. त्याचे संचालक फिंडले शिरास ह्यांनी १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. त्यातून निघालेले चित्र असे: कुटुंबाच्या खर्चातले शेकडा सुमारे ५७ अन्नावर, भाड्यावर ८ च्या आत, कपड्यांवर साडेनऊच्या आसपास. घरभाडे एवढे कमी पाहून मुंबईत घर स्वस्त होते असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु त्याच पाहणीत असेही आढळले की शेकडा ९७ कुटुंबे एका खोलीत राहत होती. भाडे कमी होते, कारण त्या भाड्यात मिळत होते ते घर म्हणण्याजोगे नव्हते. खामगावच्या मजुराचे मातीचे घर, पुढचे अंगण आणि मागची बाभूळ ह्यांची किंमत आणि परळच्या दहा बाय बाराच्या खोलीची किंमत एका रकान्यात लिहिली की तुलना पुरी झाली असे ज्यास वाटते, त्यास आमचा नमस्कार. पुढे १९३२-३३ ला पुन्हा पाहणी झाली. अन्नाचा वाटा ४७ पर्यंत उतरला होता आणि भाड्याचा १३ च्या जवळ चढला होता. जर्मनीचा एर्न्स्ट एंगेल ह्याने १८५७ साली सांगून ठेवले होते की उत्पन्न वाढले की अन्नाचा वाटा घटतो. मुंबईच्या कामगाराने आपल्यापरीने त्यास पुष्टी दिली.

ह्या पाहण्यांतून निर्देशांक निघाले आणि त्यांच्याबरोबर एक गैरसमज जन्मास आला. तो अजून गेलेला नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. १९४० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या, म्हणजे आपल्या मलकापूर-शेगाववरून जाणाऱ्या रेल्वेच्या, नोकरांच्या महागाई भत्त्याचा प्रश्न न्यायमूर्ती बी. एन. राव ह्यांच्या चौकशी मंडळापुढे गेला. नाना ठिकाणी भरवशाचे निर्देशांकच नाहीत, ही अडचण त्या मंडळास भासली, आणि त्यांच्या शिफारशींतून मध्यवर्ती सरकारची योजना उभी राहिली. तिचे काम श्री. एस. आर. देशपांडे ह्यांनी पाहिले. १९४४ हे वर्ष १०० धरून ज्या केंद्रांचे आकडे निघू लागले त्यांत आपले शेजारचे अकोला होते.

आता गैरसमज असा. वर्तमानपत्रात अकोल्याचा आकडा १३० आणि मुंबईचा १२० असा छापून आला की लोक म्हणत, अकोला मुंबईहून महाग झाले! समजा, मूळ वर्षी कामगाराच्या महिन्याच्या गरजा मुंबईत ५० रुपयांत भागत होत्या आणि अकोल्यात ४० रुपयांत. दोन्ही ठिकाणी त्या वर्षास १०० म्हटले. पुढे मुंबईचा आकडा १२० झाला म्हणजे खर्च ६० रुपये झाला. अकोल्याचा १३० झाला म्हणजे खर्च ५२ रुपये झाला. अकोल्याची महागाई अधिक वेगाने वाढली हे खरे, पण अकोला अजूनही स्वस्तच. निर्देशांक एका गावास त्याच्या कालच्या स्वतःशी ताडून पाहतो; शेजारच्या गावाशी नाही. ताप वाढला की उतरला हे थर्मामीटर सांगतो, माणूस उंच की ठेंगू हे सांगत नाही. तरीही संपाच्या सभेत आणि मालकांच्या निवेदनात, दोन्हीकडे, हे आकडे शेजारी शेजारी ठेवून फेकले गेलेले आहेत. आज २०१६ हे वर्ष १०० धरून औद्योगिक कामगारांचे जे आकडे निघतात, त्यांच्या देशभरच्या ८८ केंद्रांत महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर ही शहरे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातले एकही गाव नाही. तरी आपला महागाई भत्ता ज्या देशव्यापी सरासरीवर ठरतो ती ह्याच केंद्रांची.

मग दोन गावांची तुलना करता येतच नाही का? करता येते, पण तिला वेगळी मेहनत लागते. अमेरिकेत ती झाली आहे. १९२९ साली फोर्ड कंपनीस युरोपात आपल्या कामगारांस काय वेतन द्यावे हा प्रश्न पडला. डेट्रॉइटच्या कामगारासारखे राहावयाचे तर बर्लिन, कोपनहेगन, बार्सिलोना, मँचेस्टर येथे किती पैसे लागतील, हे काढण्याचे काम जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयाकडे आले. खर्चाचा भार बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन ह्यांनी उचलला. डेट्रॉइटच्या १०० कुटुंबांचे जमाखर्च बारकाईने तपासले गेले, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या घरी मोटार होती. आता बार्सिलोनाच्या कामगाराच्या स्वप्नातही मोटार नव्हती. डेट्रॉइटची टोपली जशीच्या तशी तेथे नेली तर बार्सिलोना भयंकर महाग ठरे, आणि बार्सिलोनाची टोपली घेतली तर दुसरेच उत्तर येई. कार्यालयाने १९३२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला खरा, पण उत्तरापेक्षा अडचणींची चर्चा अधिक लक्षात राहावी असे त्या कामाचे स्वरूप झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मजूर खात्याने आपल्याच देशातील ३४ शहरांसाठी चौघांच्या कामगार कुटुंबाचे अंदाजपत्रक तयार केले. पती, पत्नी, दोन मुले. साधे पण नीटनेटके जीवन. जून १९४७ च्या भावांनी सर्वांत महाग निघाले वॉशिंग्टन, वर्षास ३,४५८ डॉलर. सर्वांत स्वस्त न्यू ऑर्लिन्स, ३,००४ डॉलर. म्हणजे महागातले महाग शहर स्वस्तातल्या स्वस्ताहून अवघे शेकडा १५ वर. आमच्या घरगुती चर्चेतल्या "चाळीसचे वीस"शी हे ताडून पाहावे. आणखी एक मर्म असे की त्यांनी दोन्ही शहरांत तीच वस्तू तेवढीच धरली नव्हती. उत्तरेत थंडी, म्हणून तेथे इंधन आणि गरम कपडे अधिक धरले. न्यू ऑर्लिन्सच्या उकाड्यात ते कमी धरले. तेच सुख मिळविण्यास काय लागते ते मोजावयाचे. केवळ तीच वस्तू मोजावयाची नाही, हे सूत्र त्यात होते. आपल्याकडे चिखलदऱ्यास रजई लागते आणि शेगावास मे महिन्यात कूलर लागतो. दोघांच्या टोपलीत ह्या दोन्ही वस्तू सारख्या घातल्या तर हिशेब दोघांवरही अन्याय करील.

आता पुन्हा मुंबईकडे वळू, कारण आपल्या मुलांचा प्रश्न तेथे आहे. मुंबईच्या घरभाड्याचा इतिहास असा आहे की त्यामुळे "मुंबईचे भाडे" ह्या शब्दांस एक अर्थच राहिला नाही. भाडेनियंत्रण तेथे १९१८ पासून आले. १९४७ च्या कायद्याने जुन्या खोल्यांचे प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधले गेले, आणि पुष्कळशा चाळींतून ते दशकानुदशके तेथेच राहिले. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा २००० साली अमलात आला, त्यानेही जुन्या भाडेकरूचे संरक्षण काढून घेतले नाही. परिणाम असा की एकाच मजल्यावर जुना भाडेकरू नाममात्र भाडे देतो आणि शेजारच्या खोलीत नव्याने आलेला त्याच्या कित्येक पट देतो, नाहीतर पागडीची रक्कम मोजतो. गिरणगावात तिसरी पिढी नांदणाऱ्या कुटुंबास मुंबई महाग आहे का? भाज्या महाग असतील, घर नाही. काल नांदुऱ्याहून रेल्वेत बसून आलेल्या पोरास मात्र तीच मुंबई असह्य महाग. सरासरी काढणाऱ्याने दोघांची बेरीज करून दोनाने भागले, तर निघालेले भाडे दोघांपैकी कोणीच देत नसतो.

सरकारने ह्या प्रश्नावर आपल्यापरीने तोडगा काढलेला आहे आणि तो लोकसंख्येचा आहे. केंद्र सरकारी नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग २००८ पासून आहेत. ५० लाखांवरची शहरे एक्स, ५ लाखांवरची वाय, बाकी सर्व झेड. सातव्या वेतन आयोगानंतर भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे २४, १६ आणि ८ टक्के ठरला, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर तो ३०, २० आणि १० टक्के व्हावा अशी तरतूद झाली. मूळ वेतन ४०,००० असेल तर ह्या वरच्या दराने मुंबईत १२,००० आणि बुलढाण्यात ४,०००. मुंबई व पुणे एक्स; अमरावती वाय; अकोला, खामगाव, बुलढाणा, आणि घाटावरचे लोणारही, झेड. २०११ च्या गणनेत खामगाव आणि बुलढाणा ही दोन्ही गावे लाखाच्या आतच होती.

लोकसंख्येवरून भाडे ओळखण्यात काही अर्थ आहे हे आम्ही नाकारीत नाही. बारा हजारांत मुंबईत काय मिळते हे विचारणेही क्रूरपणाचे होईल. तेव्हा मुंबईकरास अधिक दिले म्हणून आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती झेड ह्या अक्षराखाली दडलेल्या समजुतीविषयी. लहान गाव म्हणजे सगळेच स्वस्त, ही ती समजूत. भाडे स्वस्त आहे. तेवढ्यापुरती ती खरी आहे. पण हृदयाचा किंवा मेंदूचा विकार झाला की बुलढाण्याच्या माणसास छत्रपती संभाजीनगर, अकोला किंवा नागपूर गाठावे लागते. गाडीभाडे, सोबतच्या माणसाची राहण्याची सोय, बुडालेली मजुरी हे सारे औषधाच्या किमतीत मिळवावे लागते. मुंबईच्या माणसास तेच औषध लोकलच्या तिकिटात भेटते. मुलाच्या उच्च शिक्षणासाठी गावातले एक घर आणि शहरातली एक खोली, अशी दोन बिऱ्हाडे चालवणारी कुटुंबे आपल्याकडे किती आहेत हे श्रोत्यांस आम्ही काय सांगावे? उन्हाळ्यात पाण्याचा टँकर हा आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांचा ठरलेला खर्च. बुलढाणा शहर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाकडे डोळे लावून बसते आणि पावसाने दगा दिला की नळाऐवजी पैसे मोजून पाणी घ्यावे लागते. मुंबईच्या खर्चाची टोपली करताना ह्यातली एकही वस्तू तीत पडणार नाही, आणि मुंबईची टोपली बुलढाण्यास आणली की बुलढाणा आपोआप स्वस्त दिसेल.

राहिली घरची ज्वारी. घरगुती हिशेबातला हा सर्वांत मोठा आधार. तिच्या बाबतीत वडीलधारी मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. शेतातून घरात आलेली ज्वारी फुकट आलेली नसते. ती बाजारात नेली असती तर तिचे जे पैसे आले असते तेवढी तिची किंमत. ती खर्चात धरावयाची तर उत्पन्नातही धरली पाहिजे, आणि एकीकडून गाळली तर दुसरीकडूनही गाळली पाहिजे. बहुतेकजण ती खर्चातून गाळतात, उत्पन्नात मोजतात, आणि मग गाव स्वर्गासारखे स्वस्त ठरते. त्यातही आता ती ज्वारी राहिली कोठे? गेल्या काही दशकांत घाटावर आणि घाटाखाली सोयाबीनने शिवारे व्यापली. सोयाबीनची भाकरी होत नाही. शेतकऱ्याचे घरही गव्हाचे पीठ, तेल आणि डाळ दुकानातून आणू लागले, आणि दुकानातल्या पिशवीवर छापलेली किंमत चिखलीत आणि चेंबुरात एकच असते. पूर्वी मुंबईस जाणाऱ्या पोराबरोबर ज्वारीचे गाठोडे जात असे. त्या गाठोड्यातली ज्वारी आता त्याची आई बाजारातून विकत आणते.